सतराव्या प्रश्नाचं उत्तर

१

तेराच्या तेरा उत्तरपत्रिकांत खाडाखोड होती. खोडरबराने कागद इतका घासला होता की जागोजाग त्याची लव उभी राहिली होती. दोमितिलाने एकेक उत्तरपत्रिका खिडकीशी नेऊन पाहिली, खाडाखोडी मोजल्या, पुन्हा मोजल्या. प्रत्येकीत तीन. तेर त्रिक एकोणचाळीस.

टेबलावर टंकलिखित निनावी पत्र पडलं होतं. 'वायापाता शाळेचे मास्तर फर्मीन कावाना यांनी परीक्षेच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्गात शिरून मुलांची एकोणचाळीस उत्तरे बदलली. तपास व्हावा.'

पत्रातला आकडा तंतोतंत जुळत होता.

दुसरीच्या मुलांची ही परीक्षा देशभर एकाच दिवशी, एकाच घटकेला व्हायची. उत्तरपत्रिका खोक्यात बंद होऊन डोंगर उतरून लिमाला जायच्या आणि तिथलं यंत्र त्या तपासायचं. यंदा यंत्राला वायापात्याच्या तेराही पोरांना पैकीच्या पैकी मिळालेले दिसले. ढगांना डोकं टेकेल अशा उंचीवरच्या, घरात केचुआ बोलणाऱ्या पोरांना पैकीच्या पैकी! लिमाने खोका लाखेचं सील ठोकून चुकिमार्का जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत परत पाठवला. निनावी पत्र त्याच्या आदल्या दिवशीच येऊन पडलं होतं.

"तीन दिवसांत अहवाल द्या, बाई," साल्सेदो साहेब म्हणाले होते. ते कचेरीचे प्रमुख. माणूस गोड बोलणारा, कॉफीत चार चमचे साखर घालणारा. "निष्कर्ष तर उघडच आहे. भाषा तेवढी तुमची घाला. तुमची भाषा चांगली आहे."

दोमितिला अठ्ठावन्न वर्षांची होती. वीस वर्षं तिने डोंगरातल्या शाळांवर काढली होती आणि नंतरची अठरा या कचेरीत. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. फर्मीन मास्तराला ती ओळखत होती. दोन वर्षांपूर्वी त्याला गेलेल्या ताकिदीवर सही तिचीच होती. गुन्हा काय, तर ठरल्या तारखेला सरकारी छापील वहीचं ठरलेलं पान त्याने शिकवलं नव्हतं.

या खेपेला ताकिदीवर भागणार नव्हतं. उत्तरं बदलल्याचं सिद्ध झालं तर मास्तर कायमचा बडतर्फ. मग देशातल्या कुठल्याच शाळेत त्याला पाय ठेवता येणार नव्हता.

२

भाड्याच्या कोंबी गाडीने तिला पुलापाशी सोडलं. पुढची दीड तासाची चढण तिने दम खात, थकवा कळू नये म्हणून गालात कोकाची पानं धरून चढली.

वर्ग चालू होता. पोरं जमिनीवर बसली होती आणि मधे बटाट्यांचे ढीग होते. काळे, जांभळे, डोळ्यांचे, वाकडे. एक मुलगी ठसक्यात सांगत होती, "काकूने पाच नेले, पण त्यातला एक किडका निघाला म्हणून परत आणला. मग चारच गेले ना, मास्तर?"

"किडका तुला चालतो का?"

"डुकराला चालतो!"

सगळा वर्ग खिदळला. मास्तरही हसला, आणि दारातल्या बाईकडे लक्ष जाताच त्याचं हसू विझलं.

पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटक, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. दुपारी त्याने तिला चुन्योचं, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेल्या बटाट्याचं, सूप वाढलं आणि समोर बसून राहिला.

"त्या दिवशी वर्गात गेला होतात?" तिने विचारलं.

"त्या दिवशी मला फाटकाबाहेर बसवलं होतं. नियमच आहे, वर्गाच्या मास्तराने आवारात थांबायचं नाही. परीक्षा घ्यायला तुमच्या कचेरीतली मुलगी आली होती, मारुखा. आली बिचारी चालत चालत, पायाला फोड आलेले."

"मी विचारते त्याचं उत्तर द्या, मास्तर."

त्याने वाटी खाली ठेवली. "त्या वह्या तुम्ही पाहता ना, बाई? चोविसावं पान. 'समुद्रकिनारा'. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी देशातल्या प्रत्येक पोराने समुद्रकिनारा शिकायचा. आमच्याकडे ऑगस्टात जमीन नांगरतात. अर्धी पोरं शेतावर, उरलेली पेंगत असतात. मी त्यांना तेव्हा बेरीज शिकवतो, कारण बियाणं मोजायचं असतं. समुद्र काय, पळून जातोय का? ताकीद पाठवलीत तुम्ही. वाचली मी. सही ओळखीची वाटली."

दोमितिलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "वर्गात गेला होतात का?" तिने पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात.

"गेलो होतो."

"कधी?"

"मुलगी जेवायला गेली तेव्हा. पाच मिनिटं. खिडकीची काच फुटलीय, वाऱ्याने पुठ्ठा पडला होता. पोरं कुडकुडत होती. पुठ्ठा लावला आणि आलो बाहेर."

"कुणी पाहिलं?"

"पोरांनी. पण पोरांची साक्ष कोण धरतं?" तो उठून वाट्या गोळा करू लागला. "खोटं बोलता आलं असतं, बाई. पण खिडकीपाशी माझी तीन पोरं बसतात. त्यांना मी कुठल्या तोंडाने शिकवणार?"

परतीच्या उतारावर तिचे गुडघे दुखत होते. मास्तराने स्वतःच्या तोंडाने वर्गात गेल्याचं कबूल केलं होतं. अहवाल जवळपास लिहून झालाच होता.

३

मारुखा चिपाना चोवीस वर्षांची होती. कचेरीत तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर काम करायची. दोमितिलाने तिला फायलींच्या खोलीत गाठलं.

"वीस मिनिटं जेवायला गेले होते मी," ती घाईने म्हणाली. "जायला नको होतं, कळतंय मला. पण सकाळी चारपासून पोटात काही नव्हतं."

"मग परीक्षा संपली आणि?"

"पत्रिका गोळा केल्या, खोक्यात घातल्या, चिकटपट्टी लावली. इथे आणून कोठीत ठेवल्या. लिमाचा ट्रक येईपर्यंत आठ दिवस खोके कोठीतच होते. कुणी हात लावला नाही."

"मी तसं विचारलंच नाही, मुली."

मारुखाने मान खाली घातली आणि फायलींची नाडी सोडू-बांधू लागली. तिच्या नखांत काळं काही अडकलं होतं, कार्बन कागदाचं असतं तसं. कचेरीत टंकलेखन तीच करायची, तेव्हा त्यात नवल ते काय?

दोमितिला आपल्या टेबलाशी परतली. एक गोष्ट तिला सलत होती. तेरा पत्रिका, एकोणचाळीस खाडाखोडी, मुलांच्या खुणा वाचून काय बदलायचं ते ठरवायचं, मग नव्या खुणा करायच्या. आणि मास्तर म्हणतो पाच मिनिटं. धरून चालू की वीस. मग बाजूला तेरा पोरं बसलेली असताना?

तिने पत्रिका पुन्हा काढल्या. या वेळी मुलांची नावं न बघता ती प्रश्न बघत गेली. बदललेले दोन प्रश्न दर पत्रिकेत निराळे होते. तिसरा मात्र सगळीकडे एकच होता. सतरावा.

'रोसाकडे सात बटाटे होते. तिने बहिणीला दोन दिले. आईने तिला आणखी तीन दिले. आता रोसाकडे किती बटाटे आहेत? अ) सहा ब) आठ क) बारा.'

तेराही पत्रिकांत 'क'वर फुली होती. बारा.

तिने पहिली पत्रिका तिरपी धरली. खोडलेल्या जागी पेन्सिल दाबल्याचा वण उजेडात दिसला. तो 'ब'वर होता. दुसरीतही 'ब'. तिसरीतही. तेराही पोरांनी आधी आठ लिहिलं होतं.

कुणीतरी तेरा बरोबर उत्तरं खोडून तेरा चुकीची उत्तरं लिहिली होती. आणि लिमाच्या यंत्राने त्याच उत्तरांना पैकीच्या पैकी दिले होते!

४

कोठी पोर्फिरिओ लारिकोच्या ताब्यात होती. अठरा वर्षं त्याच किल्ल्या, तीच लोकरी टोपी. दोमितिला आणि तो एकाच साली कचेरीत लागलेले.

"पोर्फिरिओ, लिमाहून उत्तरसूची येते ना रे? बरोबर उत्तरांची यादी?"

"येते की. बंद पाकिटात. परीक्षेनंतर चौथ्या दिवशी. तशीच ठेवायची आणि ट्रकबरोबर परत धाडायची."

"एखादी प्रत राहिली असेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तुला कशाला?"

"बटाटे मोजायचेत."

त्याने दार लोटून घेतलं. मग खालच्या फळीवरून एक घडी केलेला कागद काढून त्याने तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. दोमितिलाने बोट फिरवत वाचलं. पंधरा अ. सोळा ब. सतरा क.

लिमात कुणीतरी सात, दोन आणि तीन यांची सरळ बेरीज करून टाकली होती. बहिणीला दिलेले दोन वजा करायचे राहून गेले होते. उत्तरसूचीच चुकली होती.

"ऐक," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "फर्मीन मास्तराने उत्तरं बदलली असती तर त्याने स्वतःच्या डोक्याने बदलली असती. दिवसभर बटाटे मोजणारा माणूस आठ खोडून बारा लिहील? ज्याने हे केलं त्याने प्रश्न वाचलाच नाही, समोरच्या कागदावरून नुसत्या फुल्या उतरवल्या. आणि तो कागद परीक्षेच्या दिवशी या डोंगरात कुणाकडेच नव्हता. चौथ्या दिवशी आला तो इथे, या खोलीत. मास्तर तेव्हापासून खाली आलेलाच नाही."

पोर्फिरिओ किल्ल्यांचा जुडगा चाळवू लागला.

"आणि ते पत्र. पत्रात एकोणचाळीस लिहिलंय. यंत्राला खाडाखोड कळत नाही, त्याला फक्त फुली दिसते. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं. त्याआधीच ज्याला आकडा ठाऊक होता, त्यानेच खोडलंय. पाकीट कुणी उघडलं, पोर्फिरिओ?"

"किल्ली माझ्याकडे असते," तो अखेर म्हणाला. "किल्ली मागितली की द्यायची, एवढंच माझं काम. रविवार होता. मी किल्ली दिली आणि मिसाला गेलो, प्रार्थनेला. सगळी प्रार्थना होईपर्यंत माझं लक्ष नव्हतं."

"कुणी मागितली?"

त्याची नजर फायलींच्या खोलीकडे गेली.

५

मारुखा रडली नाही. दोमितिलाला वाटलं होतं, रडेल.

"तीन दिवस लागले," ती म्हणाली. "एकेचाळीस शाळा. साहेबांनी सांगितलं, प्रत्येक पत्रिकेत तीन चुका दुरुस्त कर. जास्त नको, संशय येतो. तीन केल्या की नापास पोर पास होतं आणि आपला जिल्हा तळातून वर येतो. एकटीने खोडलं सगळं. हाताला फोड आले."

"आणि वायापाता?"

"तिथे गंमतच झाली, बाई." ती कडवट हसली. "बाकी शाळांतल्या पोरांच्या दहा-दहा चुका होत्या. तीन काढल्या तरी सात उरायच्या. मास्तराच्या पोरांच्या चुकाच तीन-तीन. कुणाची चौथी नाही. मी हिशोब केला नाही, नुसती तीन तीन खोडत गेले. म्हणून सगळ्यांना पैकीच्या पैकी. एवढं चांगलं कुणाचं होतं का? म्हणून यंत्राने पकडलं."

"त्या तीनमधली एक तर चूक नव्हतीच."

"मला काय ठाऊक! यादीत क होतं."

दोमितिला खुर्चीत बसली. जिल्ह्यातल्या सगळ्यांत चांगल्या वर्गाला त्याच्या चांगलेपणानेच खड्ड्यात घातलं होतं.

"पत्र?"

"साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं. लिमाहून फोन आला होता, एक शाळा सापडलीय, कोण जबाबदार? साहेब म्हणाले, आकडा घाल गं. आकडा असला की खरं वाटतं. आणि मास्तराच्या नावावर आधीच तीन ताकिदी आहेत, त्याचं कोण ऐकणार?"

तीन ताकिदी. त्यातली एक दोमितिलाच्या सहीची.

"हे लिहून देशील?"

मारुखाने फायलीची नाडी बोटाभोवती गुंडाळली. "डिसेंबरात माझं कंत्राट संपतं. घरात मिळवणारी मी एकटीच. तोंडाने सांगितलं, बाई. सही मागू नका."

६

साल्सेदो साहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे कुठे रागावले नाहीत, उठले नाहीत. कॉफी मात्र तिच्यासाठीही मागवली.

"मारुखा असं काही बोललीच नाही," ते म्हणाले. "विचारा तिला. पोर्फिरिओ रविवारी प्रार्थनेला होता. राहिलं काय? सतरावा प्रश्न. तुमचा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे, बाई. उत्तरसूची चुकली, हा तो खांब."

"चुकलीच आहे. सातातून दोन गेले पाच, पाचात तीन आठ. पोरसुद्धा सांगेल."

"मग लिमाला विचारू या." त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला. "मला वरून दर आठवड्याला फोन येतो. तुमचा जिल्हा तळाला का? आठवड्याला! मी काय करू, डोंगर खाली आणू? करा ना फोन. एकदा तुम्हीही ऐका."

चार टेबलांवरून फिरत फिरत फोन एका तरुण आवाजापर्यंत पोहोचला.

"सतरावा? क. बारा," आवाज म्हणाला.

"बाळा, तू स्वतः मोज ना. सात बटाटे. दोन दिले. तीन आले."

पलीकडे शांतता पसरली. तो मोजत होता, हे तिला कळलं. मोजून झालं, हेही कळलं.

"बाई," तो आता दबक्या आवाजात बोलत होता, "उत्तरसूची ठरावाने मंजूर झालीय. दोन लाखांच्या वर पत्रिका तिच्यावर तपासल्यात. निकाल जाहीर झालेत."

"पण चूक आहे ना ती?"

"मी आकडेवारी विभागात आहे, बाई. चूक ठरवणारा विभाग वेगळा आहे."

"मग त्यांना जोडून दे."

"त्यांनीच तर सूची केलीय."

फोन ठेवल्यावर साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला त्या नजरेत विजय दिसला असता तर बरं वाटलं असतं. तिथे नुसता थकवा होता.

तिने अहवाल लिहिला. सगळा खरा, अकरा पानांचा, पत्रिकांवरच्या वणांसकट. साहेबांनी तो अडवला नाही. शिफारशीच्या चौकटीत फक्त एक ओळ लिहून त्यांनी तो चौकशी समितीकडे पाठवून दिला: 'सदर निष्कर्ष मंजूर उत्तरसूचीशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही.'

समितीने पंधरा दिवसांत निकाल दिला. मास्तर वर्गात गेल्याचं मास्तरानेच कबूल केलं होतं. दुसरं काही पाहण्याची गरज समितीला वाटली नाही.

७

बडतर्फीची नोटीस पोहोचवायला साहेब दुसऱ्या कुणाला धाडणार होते. दोमितिला म्हणाली, मी जाते.

नोव्हेंबरातली सकाळ होती, ऊन टोचणारं. ती पोहोचली तेव्हा पोरं वाचत होती, एकेक ओळ, आधी केचुआत आणि मग स्पॅनिशमध्ये. मास्तर दारात आला. तिच्या हातातलं पाकीट पाहून त्याने दार मागून ओढून घेतलं.

त्याने उभ्या उभ्याच वाचलं. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.

"मी लिहिलं होतं, मास्तर," ती म्हणाली. "सगळं लिहिलं होतं. कोणी, कधी, कसं. पोरांनी आठच लिहिलं होतं, हेही."

"आठ लिहिलं होतं?" त्याने मान वर केली. "तेराही जणांनी?"

"तेराही."

"एल्मेरनेसुद्धा?"

"त्यानेसुद्धा."

क्षणभर त्याचा चेहरा उजळला. "त्याला वजाबाकी जमतच नव्हती, बाई. आख्खं वर्ष." मग त्याची नजर पुन्हा कागदावर आली. "हे कधीपासून लागू?"

"सही केलीत की त्या मिनिटापासून. नंतर वर्गात पाऊल टाकता येणार नाही. वेळ लिहायची आहे, तिथे खाली." तिला त्याच्याकडे बघवेना. "मला माफ करा, मास्तर. ती जुनी ताकीद... मी न वाचता सही केली होती."

माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि नाही असंही नाही. आतून पोरांचा गलका वाढत चालला होता. त्याने कागद घडी करून तिच्या हातात परत दिला.

"धडा अर्धा राहिलाय," तो म्हणाला. "एक वाजेपर्यंत थांबता येईल?"

"येईल."

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाक लहान होता, तिचे गुडघे लाकडाला टेकत होते. मास्तराने पुढचं पान उघडलं. त्याचा आवाज फुटेल की काय, असं तिला वाटत राहिलं. पण नाही. ज्या पोराला एक शब्द अडला त्याच्याजवळ बसून त्याने तो चारदा म्हणून घेतला. एका मुलीच्या नाकाला रुमाल लावला. गोष्टीतल्या कोल्ह्याचा आवाज काढला तेव्हा वर्ग लोटपोट झाला आणि दोमितिलाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

एक वाजता पोरं दप्तरं पाठीला लावून रांगेत दारापाशी आली. इथली रीत अशी की जाताना प्रत्येकाने मास्तराच्या हाताला हात लावायचा आणि म्हणायचं, "उद्या भेटू, मास्तर."

पहिल्या मुलीने हात लावला. "उद्या भेटू, मास्तर."

दोमितिलाला वाटलं, आता तो सांगेल. आता तरी सांगावंच लागेल.

"उद्या भेटू, नातिविदाद," मास्तर म्हणाला.

मग दुसरा. मग तिसरी. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी नीट बसवत, नाव घेऊन, तो तेरा वेळा तेच म्हणाला. शेवटचं पोर उतारावर दिसेनासं झाल्यावर तो आत आला, तिच्यासमोर बसला आणि सहीसाठी त्याने पेन मागितलं.